मनोऱ्यावरून झालेलं भांडण : मुंबईची स्कॉच कर्क आणि आपला मराठवाडा

बीड जिल्ह्यातल्या माणसाला 'मीटिंग हाउस' म्हणजे काय हे सांगायचं असेल, तर मी चर्चपासून सुरुवात करत नाही. अखंड हरिनाम सप्ताहापासून करते.

सप्ताहाचा मंडप तुम्ही पाहिलेला असतो. गावाबाहेरच्या मोकळ्या रानात बांबू रोवतात, वर कापड ताणतात, एका बाजूला कीर्तनकारासाठी जागा करतात आणि समोर गाव बसतं. आत गाभारा नसतो, प्रदक्षिणेचा मार्ग नसतो. माणसं ऐकायला आलेली असतात. त्यामुळे मंडपाची रुंदी, उंची, भोंग्याची दिशा, कोण कुठे बसणार, हे सगळं एकाच प्रश्नावर ठरतं: शेवटच्या माणसापर्यंत आवाज पोचतो का? सातवा दिवस झाला, काल्याचं कीर्तन झालं, की मंडप उतरवतात आणि त्या जमिनीत पुन्हा ज्वारी पेरली जाते. पवित्र होतं ते नाम आणि जमलेली माणसं. जागा रानच राहते.

आता ही कल्पना दगडात बांधा. प्रॉटेस्टंट पंथातल्या अनेक मंडळींची मीटिंग हाउस म्हणजे साधारण तेच. 'मंडळी' हा शब्द मी मुद्दाम वापरते आहे, कारण मराठी ख्रिस्ती बोलण्यात 'चर्च' म्हणजे आधी मंडळी, जमलेली माणसं. इमारत नंतर येते.

माझं संशोधन अशा इमारतींवर आहे. या लेखात एकच इमारत घेते. ती बीडमध्ये नाही, मुंबईत आहे. पण तिच्यातून निघालेला एक धागा थेट आपल्या शेजारच्या जालन्यापर्यंत येतो.

दर्शनाची जागा, श्रवणाची जागा

बीडच्या कंकालेश्वराला गेलात तर कुंडाच्या पाण्यात उभं असलेलं ते देऊळ तुम्हाला हळूहळू आत नेतं. पाण्यावरून पाऊलवाट, मग मंडप, मग अंधारा गाभारा. खांबांवर कोरीवकाम आहे, पण सगळ्यांचा रोख आतल्या मूर्तीकडे आहे. एका वेळी चारच माणसं गाभाऱ्यासमोर उभी राहू शकली तरी बिघडत नाही, कारण तिथे एकेकाने यायचं, दर्शन घ्यायचं, बाहेर पडायचं.

कॅथलिक आणि अँग्लिकन चर्चमध्येही नजर पुढच्या वेदीकडे ओढली जाते. स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन पंथात मात्र वेदीचं महत्त्व काढून टाकलेलं. त्यांच्याकडे मुख्य गोष्ट म्हणजे बायबलचं वाचन आणि प्रवचन, आणि तेही तास-दीड तास. म्हणून प्रवचनाचं उंच पुलपिट हाच इमारतीचा केंद्रबिंदू. लांबटचौकोनी दालन, तीन बाजूंनी माडी, मध्ये शक्यतो अडथळा नाही.

आवाजाचा हिशोब इथे अगदी शब्दशः करत. लंडनचा वास्तुरचनाकार क्रिस्टोफर रेन याने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला लिहून ठेवलंय की मध्यम आवाजाचा वक्ता समोर सुमारे 50 फूट, दोन्ही बाजूंना 30 फूट आणि पाठीमागे 20 फूट ऐकू जाईल. चर्च त्यापेक्षा मोठं बांधून उपयोग काय, असा त्याचा रोख. रेन स्वतः अँग्लिकन. पण त्याचा हा हिशोब प्रेस्बिटेरियनांच्या फार कामाचा होता. भोंगा यायच्या आधीचं हे गणित आहे. आपल्या कीर्तनकाराला विचारा, तोही हेच सांगेल.

मग रोमन खांब कशाला?

ऐकायला साधं दालन पुरतं. तरी या दालनांच्या तोंडाशी खांब, खांबांवर त्रिकोण आणि वर टोकदार मनोरा असा थाट का दिसतो? त्याचं उत्तर एका माणसात आणि एका पुस्तकात आहे.

माणूस जेम्स गिब्ज. जन्म 1682, स्कॉटलंडमधल्या ॲबरडीनजवळचा. कॅथलिक घरातला. रोममध्ये कार्लो फोंताना या वास्तुरचनाकाराच्या हाताखाली शिकला. लंडनमधलं त्याचं सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्स हे चर्च 1722 ते 1726 या काळात बांधलं गेलं. दर्शनी बाजूला सहा कोरिंथियन खांबांची पडवी, वर त्रिकोणी शिरोभाग. थेट रोमन देवळाचं तोंड. पण रोमन देवळाला मनोरा नसायचा आणि चर्चला घंटेसाठी मनोरा हवा. गिब्जने मनोरा इमारतीच्या आत, पडवीच्या मागे घेतला. बाहेरून पाहिलं की तो छपरातून उगवल्यासारखा दिसतो. देवळाच्या डोक्यावर मनोरा बसवला, अशी टीका त्यावर झाली. लोकांना मात्र तो आवडला.

पुस्तक 1728 सालचं, गिब्जच्याच आराखड्यांचं. त्यात सेंट मार्टिनचे नकाशे होते आणि नापसंत ठरलेल्या मनोऱ्यांची चित्रंही होती. लंडनपासून हजारो मैलांवर असलेल्या सुताराला, गवंड्याला किंवा लष्करी इंजिनिअरला ते पुस्तक मिळालं की काम सुरू. ग्लासगोचं सेंट अँड्र्यूज इन द स्क्वेअर (1739 ते 1756) याच वळणाचं. अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स गावच्या बॅप्टिस्ट मंडळीने 1775 मध्ये बांधलेल्या मीटिंग हाउसचा मनोरा तर गिब्जच्या नापसंत आराखड्यांपैकीच एकावरून घेतलेला. म्हणजे लंडनने नाकारलेलं चित्र अमेरिकेत उभं राहिलं!

यातून एक गंमत झाली. साधेपणाचा आग्रह धरणाऱ्या मंडळींनी एका कॅथलिक माणसाने, रोममध्ये शिकून, अँग्लिकन पंथासाठी काढलेला आराखडा उचलला. आत मीटिंग हाउस, बाहेर रोमन देऊळ. आणि हे तोंड ज्याला मिळालं, त्याला आपोआप एक दर्जा मिळाला. मुंबईतलं पुढचं सगळं या दर्जावर येऊन ठेपतं.

कंपनी सरकारचं चर्च कोणतं?

1707 मध्ये इंग्लंड आणि स्कॉटलंड यांचं एक राज्य झालं, पण दोघांची राजमान्य चर्च वेगवेगळी राहिली. इंग्लंडमध्ये अँग्लिकन, तिथे बिशप असतात. स्कॉटलंडमध्ये प्रेस्बिटेरियन, तिथे बिशप मुळातच मान्य नाहीत. वडीलधाऱ्यांच्या सभा कारभार पाहतात. इंग्लंडच्या हद्दीत अँग्लिकन सोडून इतर प्रॉटेस्टंटांच्या प्रार्थनागृहांना कायद्याच्या भाषेत 'मीटिंग हाउस' म्हणत. 'चर्च' हा मान त्यांना नव्हता.

मग हिंदुस्थानात, कंपनीच्या मुलखात, कुठलं चर्च राजमान्य? हा प्रश्न पुस्तकी नव्हता. कंपनीच्या नोकरीत, पलटणीत, व्यापारात स्कॉटिश माणसं भरपूर होती.

1813 च्या सनदी कायद्याने कलकत्त्याला अँग्लिकन बिशप नेमायची सोय केली. त्याच सुमारास कंपनीने तिन्ही इलाख्यांत एकेक स्कॉटिश धर्मोपदेशक द्यायचंही ठरवलं. कलकत्त्याचे पहिले बिशप थॉमस मिडलटन आणि तिथले स्कॉटिश धर्मोपदेशक जेम्स ब्राइस हे दोघं एकाच जहाजातून 1814 च्या नोव्हेंबरात उतरले. दोघांचं पुढे अजिबात पटलं नाही.

भांडणाचा एक मुद्दा होता मनोरा. स्कॉटिश कर्कला मनोरा असावा हे मिडलटन यांना मान्य नव्हतं. त्यांच्या मते मनोरा हा राजमान्य चर्चचा मान होता. ब्राइस हटले नाहीत. कलकत्त्याची सेंट अँड्र्यूज कर्क 1818 मध्ये उघडली ती मनोऱ्यासकट, आणि मनोऱ्याच्या टोकावर कोंबडा बसवलेला. हा कोंबडा बिशपांच्या डोक्यावर आरवण्यासाठीच, असं कलकत्त्यात बोललं जाई.

आपल्याला हे पोरखेळ वाटू शकतं. पण आपल्याकडच्या गावात कुणाच्या देवळाचा कळस उंच, कुणाची मिरवणूक कुठल्या वेशीतून, कुणाच्या नवरदेवाने घोड्यावर बसायचं, यावरून काय काय घडलंय ते आठवा. उंची हा कायम मानाचा प्रश्न असतो. इथेही मनोऱ्याच्या मागे आणखी ठोस गोष्ट होती: स्कॉटिश धर्मोपदेशकाने लावलेलं लग्न कायदेशीर का? शंका इतकी खरी होती की 1818 मध्ये ब्रिटिश संसदेला वेगळा कायदा करावा लागला. वधूवरांपैकी निदान एक जण स्कॉटिश चर्चचा असेल तर हिंदुस्थानात अशा धर्मोपदेशकाने लावलेलं लग्न वैध, असं त्यात ठरलं. एखाद्या इमारतीला 'चर्च' म्हणायचं की 'मीटिंग हाउस', यावर पोराबाळांचा वारसा अवलंबून असू शकतो, तो असा.

मुंबईची कर्क

मुंबईला स्कॉटिश धर्मोपदेशक जेम्स क्लाउ 1815 मध्ये आले. इमारत नव्हती, तरी मंडळी जमत होती. मंडळीला आधी माणसं लागतात, हे सुरुवातीला म्हटलंच. सेंट अँड्र्यूज कर्क बांधून उघडली 1819 मध्ये. कोटाच्या दक्षिण टोकाला, आजच्या नौदल गोदीच्या लायन गेटजवळ. लोक तिला स्कॉच कर्क म्हणत.

साल बघा: 1819. आदल्याच वर्षी पेशवाई बुडाली होती. पुणं, नगर, खानदेश कंपनीकडे आले होते. आपला बीड भाग निजामाच्या राज्यात होता. मुंबईचा प्रसिद्ध टाउन हॉल (आजची एशियाटिक सोसायटी) 1833 मध्ये पूर्ण झाला. म्हणजे मुंबईत रोमन-ग्रीक खांबांचा जो काळ आपण टाउन हॉल आणि टांकसाळीवरून ओळखतो, त्याच्या सुरुवातीलाच ही कर्क उभी राहिली.

मनोरा मात्र 1823 मध्ये आला. चार वर्षं मंडळी मनोऱ्याशिवाय जमली, प्रवचनं झाली, कुणाचं काही अडलं नाही. तरीही तो बांधला, कारण त्याच्याशिवाय रस्त्यावरून जाणाऱ्याला हे 'घर'च दिसणार होतं.

आणि 1826 मध्ये त्याच मनोऱ्यावर वीज पडली. दुसऱ्या वर्षी तो पुन्हा उभा केला जॉन कॅल्डेकॉट यांनी. हेच कॅल्डेकॉट पुढे त्रावणकोरच्या स्वाती तिरुनाळ महाराजांच्या पदरी तिरुवनंतपुरमच्या वेधशाळेचे प्रमुख झाले. मुंबईत मनोरा दुरुस्त करणारा माणूस दहा वर्षांनी ताऱ्यांची नोंद करत होता. त्या काळातली ही इंजिनिअर-व्यापारी-शास्त्रज्ञ अशी मिश्र माणसं शोधताना कागदपत्रं वाचायचा कंटाळा येत नाही, तो यामुळे.

कर्कच्या शेजारीच पुढे मुंबईचं बर्फघर झालं. बर्फ यायचा थेट बोस्टनहून, भुशात गुंडाळून, जहाजातून. योगायोग असा की त्याच न्यू इंग्लंड प्रदेशातल्या मीटिंग हाउसांत वाढलेले अमेरिकन मिशनरी 1813 पासून मुंबईत होते आणि 1831 पासून अहमदनगरमध्ये, म्हणजे आपल्या अगदी वेशीवर. सावित्रीबाई फुल्यांना अध्यापनाचं शिक्षण ज्यांच्याकडे मिळालं त्या सिंथिया फरार याच अमेरिकन मराठी मिशनच्या.

1843: घर कुणाचं?

आता या गोष्टीतला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग.

1843 च्या मे महिन्यात स्कॉटलंडचं चर्च फुटलं. वाद होता धर्मोपदेशक कुणी निवडायचा: गावच्या जमीनदाराने की मंडळीने? साडेचारशेहून जास्त धर्मोपदेशक बाहेर पडले आणि त्यांनी 'फ्री चर्च' काढलं. बाहेर पडताना घर, पगार, इमारत, सगळं मागे सोडावं लागलं. मुंबईतले स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन, रॉबर्ट नेस्बिट, मरे मिचेल हे फ्री चर्चच्या बाजूने गेले आणि त्यांनाही शाळेच्या इमारतीवर पाणी सोडावं लागलं. आजचं विल्सन कॉलेज ज्यांच्या नावाचं, तेच हे विल्सन. खांब आणि मनोरा मूळ चर्चकडे राहिले. शिकवणारे आणि शिकणारे दुसरीकडे निघाले.

'मंडळी आधी, इमारत नंतर' हे प्रवचनात सांगणं सोपं असतं. इथे ते करून दाखवायची वेळ आली, आणि त्यांनी ते केलं. मी या माणसांच्या धर्मप्रसाराची भलामण करत नाहीये. त्यांच्या इमारती समजून घ्यायच्या तर हे वर्ष टाळता येत नाही, एवढंच.

त्याच 1843 मध्ये मुंबईत दुसरं वादळ उठलं. नेस्बिट यांच्याकडे नारायण शेषाद्री या तरुण ब्राह्मण विद्यार्थ्याने बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहिला होता. तो अल्पवयीन, म्हणून कोर्टाने त्याला वडिलांच्या ताब्यात दिलं. त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यायचं की नाही यावर महाराष्ट्रभर रण माजलं. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर परत घेण्याच्या बाजूने उभे राहिले आणि त्याचा त्रासही त्यांनी सोसला. मराठी समाजसुधारणेच्या इतिहासात आपण हे प्रकरण नेहमी जांभेकरांच्या बाजूने वाचतो. मोठ्या भावाचं पुढे काय झालं, हे फारसं कुणी विचारत नाही.

जालन्याचं बेथेल

मोठा भाऊ नारायण शेषाद्री धर्मोपदेशक झाला आणि 1860 च्या दशकात निजामाच्या मुलखात, जालन्याला आला. हैदराबादचे दिवाण सर सालारजंग यांनी दिलेल्या जमिनीवर त्यांनी बेथेल नावाची वस्ती वसवली. तिथे आलेल्या लोकांत मोठा भाग मांग समाजाचा होता. शेती, कारागिरी, शाळा आणि मध्ये प्रार्थनेचं घर. 1873 मध्ये शेषाद्री अमेरिकेत न्यूयॉर्कच्या परिषदेला गेले, तिथे डोक्याला पागोटं बांधून बोलले, आणि मराठवाड्यातल्या या वस्तीची गोष्ट सांगून आले. 1891 मध्ये त्यांचं निधन झालं.

आता दोन चित्रं शेजारी ठेवा. मुंबईत, गोदीच्या दारात, मनोऱ्याच्या मानासाठी आग्रह धरणारी स्कॉटिश अधिकाऱ्यांची मंडळी. आणि जालन्याजवळ, देवळाच्या पायरीवरही ज्यांना येऊ दिलं जात नव्हतं, अशा माणसांची मंडळी. दुसऱ्या चित्रातल्या माणसाला रोमन खांब किती शोभिवंत आहे याच्याशी काय घेणं? त्याच्यासाठी वास्तुरचनेतली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे त्या दालनात गाभारा नव्हता. जिथे कुणालाही थांबवायला उंबरठा लागतो, तो उंबरठाच नव्हता. सगळे एकाच जमिनीवर, एकाच छपराखाली, एकाच आवाजासमोर बसणार होते. निदान आराखड्यात तरी. प्रत्यक्षात ख्रिस्ती मंडळींतही जात कुठे कुठे शिल्लक राहिली, हा वेगळा आणि कटू विषय आहे. त्यावर स्वतंत्र लेख लिहायला हवा.

म्हणून माझ्या प्रबंधात मी खांबांना एक प्रकरण देते आणि बसण्याच्या जागेला दोन.

घर रिकामं झाल्यावर

श्रवणासाठी बांधलेल्या इमारतीचं एक बरं असतं. मंडळी पांगली तरी ती निरुपयोगी होत नाही. ग्लासगोच्या सेंट अँड्र्यूज इन द स्क्वेअरमधली प्रार्थना 1990 च्या दशकात थांबली; नंतर त्या दालनात संगीत आणि नृत्याचे कार्यक्रम होऊ लागले. गाभाऱ्याचं दुसरं काही करता येत नाही, सभागृहाचं करता येतं. मुंबईच्या कर्कचं आजचं नाव सेंट अँड्र्यू आणि सेंट कोलंबा असं जोडनाव आहे. 1843 ला जे फुटलं ते पुढे जुळलं, याची खूण त्या नावात राहिली आहे.

आपल्या जिल्ह्यात अंबाजोगाई, त्या वेळचं मोमिनाबाद, हे हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळाचं ठाणं होतं. जालना, हिंगोली, औरंगाबाद इथेही छावण्या होत्या. हैदराबादच्या रेसिडेन्सीचे कोरिंथियन खांब एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच उभे राहिले होते. तो थाट छावण्यांच्या आणि कचेऱ्यांच्या वाटेने, चुन्या-विटांत, स्वस्त होत होत खाली उतरला. त्यामुळे मराठवाड्यात एखादी जुनी खांबांची पडवी दिसली की 'इंग्रजांच्या काळातलं' म्हणून पुढे जाऊ नका. तीन प्रश्न विचारा.

पहिला: खांब छप्पर पेलतोय की नुसता तोंडाला लावलाय? ठोकून, वाकून, वरच्या तुळईकडे बघून हे कळतं. दुसरा: आत बोलणाऱ्याची जागा कुठे, आणि ऐकणारे कुठे बसत? खिडक्यांची उंची, माडीच्या तुळयांची भोकं, फरशीतला फरक हे सांगतात. तिसरा: कुणाला कुठल्या दारातून आत यावं लागे? याचं उत्तर भिंतीत कमी आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडे जास्त मिळतं.

पहिला प्रश्न वास्तुशास्त्राचा आहे. तिसरा इतिहासाचा. दुसरा दोघांच्या मधला, आणि सर्वांत दुर्लक्षित. आपल्या भागातल्या अशा इमारतींची दारं-खिडक्या आधी जातात, मग छप्पर, मग दगड कुणाच्या तरी पायात. खांब शेवटपर्यंत टिकतो म्हणून फोटो खांबाचेच निघतात. तोवर कोण कुठे बसत होतं हे सांगणारी फरशी निघून गेलेली असते.

तुमच्या गावात असं काही शिल्लक असेल, मिशनची शाळा, छावणीतलं प्रार्थनाघर, जुनी कचेरी, तर खांबाचा फोटो काढाच, पण पाठ फिरवून आतल्या जमिनीचाही एक काढा. जमलं तर दाराची रुंदी मोजा. आणि शेजारच्या एखाद्या आजीला विचारा, 'इथे कोण बसायचं?'